शेवाळी जॅकेटवाला

चिंतामणराव शेवड्यांनी एका सोमवारी सकाळी चहाची खुर्ची फिरवली. इतकंच केलं. चोवीस वर्षं ज्या खुर्चीत दाराकडे पाठ करून ते चहा प्यायचे, ती त्यांनी उचलून भिंतीला टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसले.

"हे काय?" शारदाबाईंनी विचारलं.

"पाठ भिंतीला, डोळे दाराला."

"दारातून कोण येणार आहे आता? दूधवालासुद्धा येऊन गेला."

"तेच म्हणतोय मी! माणूस आला, गेला, आणि या घरात कुणाला पत्ता नाही."

"मला होता. मीच दूध घेतलं," शारदाबाई म्हणाल्या आणि पोह्यांना फोडणी द्यायला आत गेल्या.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगितलं पाहिजे. चिंतामणराव पलासियाला एका विमा कंपनीच्या ऑफिसात दावे विभागात होते. माणूस कशाकशाने मरू शकतो हे त्यांना तोंडपाठ होतं. गिझर, गॅलरीचा कठडा, लग्नातली आतषबाजी, सगळ्याच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. त्यामुळे स्वभाव मुळातच भित्रा (ते स्वतः त्याला 'सावध' म्हणायचे). त्यात शनिवारी ऑफिसात ट्रेनिंग झालं. नागर सर नावाचे एक दणकट गृहस्थ आले. मन खंबीर कसं करायचं आणि आजूबाजूला भान कसं ठेवायचं, यावर ते तीन तास बोलले. बाकीचे लोक समोशांची वाट बघत होते. चिंतामणराव एकटेच लिहून घेत होते.

कुठेही गेलात तर आधी बाहेर पडायच्या वाटा मोजा. लोकांचे चेहरे विसरा, बूट लक्षात ठेवा. खिशात शिट्टी बाळगा. भीती वाटली की चार मोजत श्वास घ्या, चार मोजत रोखा, चार मोजत सोडा. आणि शेवटी नागर सरांनी सगळ्यांना एकेक छापील कागद वाटला. ऑफिसला जायचा रस्ता आणि वेळ रोज बदला, म्हणजे कुणी पाळत ठेवत असेल तर चकेल. कागदावर आठवड्याचा तक्ताच होता. चिंतामणरावांनी त्याची घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली.

आणि त्याच सोमवारी त्यांना तो दिसला.

महूनाक्याच्या सिग्नलला त्यांच्या स्कूटरशेजारी दुसऱ्या स्कूटरवर एक माणूस होता. पन्नाशीचा, जाड मिशांचा, अंगात शेवाळी रंगाचं जॅकेट. पायात तपकिरी बूट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. नियमाप्रमाणे चिंतामणरावांनी बूट बघून घेतले आणि मग मान वर केली. तो माणूस त्यांच्याच बुटांकडे बघत होता.

मंगळवारी तक्त्याप्रमाणे ते वीस मिनिटं लवकर निघाले. महूनाक्याला शेवाळी जॅकेट हजर!

योगायोग असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. थंडीत जॅकेटं सगळेच घालतात. पण बुधवारी ते लांबच्या रस्त्याने, राजवाड्यावरून गेले. गर्दीत दोन रिक्षांच्या मधून आरशात पाहिलं, तर मागे तीच मिशी. चिंतामणरावांनी हँडल घट्ट धरलं. त्यांनी चार मोजत श्वास घेतला, चार मोजत रोखला, तेवढ्यात समोर गाय आली, आणि पुढचं मोजायचं राहूनच गेलं. पलासियाला पोचले तेव्हा चेहरा वांग्यासारखा झाला होता. पार्किंगवाला म्हणाला, "क्या हुआ भिया, हवा भरवाके आ रहे हो क्या?"

गुरुवारी तक्ता म्हणत होता, 'बीच में कहीं रुकें.' ते पोह्यांच्या दुकानात थांबले, पाठ भिंतीला लावून बसले. पहिला घास तोंडात गेला आणि शेवाळी जॅकेट आत आलं. त्याने दुकानभर नजर फिरवली. समोरच्या भिंतीला पाठ लावून बसला. दोघांच्या मध्ये जलेबीची कढई होती, आणि तिच्या वाफेतून तो माणूस टक लावून चिंतामणरावांकडे बघत होता. चिंतामणरावांच्या प्लेटमधली शेव मांडीवर सांडली. हा माणूस साधा नव्हता. आपण रस्ता बदलतो, वेळ बदलतो, थांबतो, आणि याला ते सगळं आधीच ठाऊक असतं!

का पण? कोण असेल? त्यांना मागच्या वर्षी फेटाळलेले सगळे दावे आठवायला लागले. त्यातल्या एका गृहस्थाने जाताना "देख लेंगे" असं म्हटलं होतं. तेव्हा चिंतामणरावांना वाटलं होतं की तो कागदपत्रं देखणार आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मुलगी शमिका मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "बाबा, फालतूमध्ये टेंशन घेताय. तुमच्या पीछे कोण लागेल? तुम्ही काय व्हीआयपी आहात का?"

"तू गप्प बस. शारदा, आपल्याला एक संकटाचा शब्द ठरवायला हवा. मी फोनवर 'पपई आणू का' असं विचारलं की समजायचं, मी धोक्यात आहे."

"बरं," शारदाबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या.

शुक्रवारी दुपारी चिंतामणरावांनी ऑफिसच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे, बँकेच्या पायऱ्यांवर, शेवाळी जॅकेट उभं. मान वर. नजर सरळ त्यांच्या खिडकीवर. चिंतामणराव खाली बसले. टेबलाखालून त्यांनी घरी फोन लावला.

"शारदा," ते कुजबुजले, "पपई आणू का?"

"नको हो. अर्धी पडलीय फ्रीजमध्ये."

"अगं, पपई! पपई आणू का?"

"सांगितलं ना, नको. एवढीच खावीशी वाटत असेल तर चिकू आणा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, कारण दारात गॅसवाला उभा होता.

चिंतामणराव पाऊण तास टेबलाखाली होते. (हेडक्लार्कने विचारलं तेव्हा ते पिन शोधत होते.) त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही. भीतीचं असं असतं की दिवसा ती रस्त्यावर असते, आणि नंतर घरात येऊन उशाशी बसते. आपल्याला काही झालं तर शमिकाचं शेवटचं वर्ष, शारदाचं कसं होईल, आणि मुख्य म्हणजे नानांचं.

नाना, म्हणजे नानासाहेब, चिंतामणरावांचे वडील. वय एक्याऐंशी. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, पण दिवाळीत औषधांच्या दुकानापाशी चक्कर येऊन पडले होते. कपाळाला तीन टाके. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं सोडायचं नाही. नानांना ते मान्य नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "मला कुठे एकट्याला जायचंय? पण लालबागेत मेळा लागलाय आणि मला तिथले तळलेले गराडूचे कंद खायचेत."

रविवारी चौघं लालबागेत गेले. चिंतामणरावांची अजिबात इच्छा नव्हती. गर्दी म्हणजे धोका. पण नाना कोट चढवून बाहेर खुर्चीत बसले होते आणि ते एकदा बसले की उठवणं शक्य नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. लालबागेतल्या महालासमोरच्या मैदानावर हातमागाची, मातीच्या भांड्यांची, खाण्याची दुकानं, पलीकडे आकाशपाळणा, स्टेजवर कुणीतरी माइक टेस्ट करत होतं. आत शिरताच चिंतामणराव थांबले.

"एक पुढचं गेट, एक पार्किंगचं, एक बाजूला…"

"आपण मेळ्याला आलोय की पळायला?" नानांनी विचारलं.

"नाना, भान ठेवावं लागतं."

"तुम्ही नानांचा हात धरा," शारदाबाई म्हणाल्या. "मी आणि शमिका चादरी बघून येतो. हात सोडू नका हं."

"मला सांगतेस?" चिंतामणराव म्हणाले. त्यांनी नानांची बाही घट्ट पकडली.

आणि दहा पावलं गेले असतील नसतील, तर कपड्यांच्या दुकानांच्या रांगेपलीकडे शेवाळी जॅकेट!

रविवारी! इथे! घरच्यांसमोर! चिंतामणरावांच्या कानात वाजायला लागलं. त्यांनी नानांना घेऊन चटकन एका दुकानाच्या खांबाआड जागा घेतली, एका हाताने शिट्टी चाचपली, दुसऱ्या हाताने बाही पकडून ठेवली. समोर तो माणूस मातीच्या घोड्याआड उभा राहिला. घोड्याच्या मानेवरून मिशी दिसत होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चिंतामणराव त्याला डोळ्यांनी टिपत होते. उंची साडेपाच फूट, जॅकेटची चेन अर्ध्यावर, उजव्या गालावर तीळ, नाडी आजही सुटलेली. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाचा तो माणूस वळला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

"नाना," चिंतामणराव कुजबुजले, "हळूच, मागे न बघता, माझ्याबरोबर चला." त्यांनी बाही ओढली. बाही येईना. अजून जोरात ओढली.

"भिया, लेना हो तो लो, खींचो मत," दुकानदार म्हणाला.

चिंतामणरावांच्या मुठीत हँगरला टांगलेल्या खादीच्या कुर्त्याची बाही होती.

नाना नव्हते.

मग जी भीती आली ती वेगळीच होती. आठवडाभर ते घाबरले होते, ती भीती बडबड करणारी होती, मोजणारी होती. ही मुकी होती. त्यांनी "नाना!" अशी हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. शिट्टी आठवली नाही, श्वास मोजायचा आठवला नाही. डोळ्यांपुढे फक्त दिवाळीतला तो फुटपाथ, नानांचा एक पाय वाकडा दुमडलेला आणि चष्मा नालीत पडलेला. ते धावत सुटले. डावीकडे गेले, परत आले, एका म्हाताऱ्या गृहस्थाला मागून मिठी मारून माफी मागितली. फोन लावायला गेले तर शारदाबाईंचा फोन लागेना. शेवटी गेटपाशी पोलीस मदतीचं टेबल दिसलं. तिथे एक महिला कॉन्स्टेबल बसली होती.

"मॅडम, माझे वडील… मेरे पिताजी… हरवले!"

"घबराइए मत. उम्र?"

"इक्यासी."

"क्या पहना है?"

काय घातलं होतं नानांनी? सकाळपासून नाना समोर होते. रिक्षात शेजारी होते. कोट होता. कोणता? टोपी होती का? पायात काय होतं? काही म्हणजे काही आठवेना. डोळ्यांपुढे आणायला जावं तर एकच चित्र यायचं.

"शेवाळी… हरा सा जॅकेट," ते भडाभडा बोलले, "चेन अर्धी, तपकिरी बूट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली, गालावर तीळ, मोठ्या मिशा…"

कॉन्स्टेबल लिहिता लिहिता थांबली. चिंतामणरावांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "ये तो आपके पीछे खड़े हैं. ये इक्यासी के हैं?"

चिंतामणराव वळले. हातभर अंतरावर मिशी. त्यांनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या फुगेवाल्याचा एक फुगा सुटून वर गेला.

"मॅडम, हाच तो!" तो माणूस ओरडला. "यांचीच तक्रार द्यायला आलोय मी! आठ दिवस हा माणूस माझ्या पाठीमागे आहे!"

"मी? तुम्ही माझ्या पाठीमागे आहात! पोह्यांच्या दुकानात कोण आलं होतं?"

"तुम्ही तिथे आधीच दबा धरून बसला होतात! आणि खिडकीतून माझ्या बँकेवर रोज कोण नजर ठेवतं?"

"चुप!" कॉन्स्टेबलने टेबलावर हात आपटला. "पहले बुजुर्ग को ढूँढो, फिर लड़ना."

ते ऐकलं आणि तो माणूस एकदम बदलला. "अरे, ते आजोबा हरवले? तुमच्याबरोबर होते ते?" मग कॉन्स्टेबलकडे वळून सरळ सांगायला लागला, "राखाडी कोट, कोपराला चामड्याचं ठिगळ. मरून मफलर, एक टोक लांब. काळी टोपी, काठी नाही, उजवा पाय जरा ओढून चालतात. बारा-पंधरा मिनिटं झाली, कुर्त्याच्या दुकानापासून खाण्याच्या स्टॉलकडे गेले. मी बघितलं. मला वाटलं, मला मागून घेरायला तुम्हीच त्यांना पाठवलंय."

चिंतामणराव ऐकत होते. स्वतःच्या बापाचा मफलर परक्या माणसाने सांगितला. तोच मफलर आपण गेल्या वाढदिवसाला आणला होता, हे तेव्हा कुठे आठवलं.

"चला," तो माणूस म्हणाला. "मी यशवर्धन मोहिते. सुदामा नगरला राहतो."

"चिंतामण शेवडे. लोकमान्य नगर."

दोघं जवळजवळ धावतच निघाले. गराडूच्या कढईपाशी नाना नव्हते. "हाँ, आए थे दादाजी," गराडूवाला म्हणाला, "एक प्लेट खाई, जीरावन मसाला ज़्यादा डलवाया, उधर निकल गए." 'उधर' म्हणजे पाळण्यामागे. तिथे दुकानं संपत होती, दिवे नव्हते, आणि पुढे नदीच्या बाजूचा उतार होता. चिंतामणराव तिकडे वळले. मोहित्यांनी त्यांचा दंड धरला.

"तुम्ही रस्ता का बदलायचात रोज?" चालता चालता चिंतामणरावांनी विचारलं. काहीतरी बोलत राहणं भाग होतं, नाहीतर रडू आलं असतं.

"आमच्या बँकेत ट्रेनिंग झालं. नागर म्हणून एक सर होते. त्यांनी तक्ता दिला." मोहित्यांनी जॅकेटच्या खिशातून घडी काढली.

चिंतामणरावांनी शर्टाच्या खिशातून घडी काढली. पाळण्याच्या उजेडात दोन्ही कागद शेजारी धरले. मंगळवार, बीस मिनट जल्दी. बुधवार, लंबा रास्ता. गुरुवार, बीच में कहीं रुकें.

ओळ न् ओळ तीच होती.

"आमचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते," मोहिते खालमानेने म्हणाले. "आणि मी आठ दिवस बायकोला दाराला दोन कड्या लावायला सांगतोय."

चिंतामणरावांना हसू यायला हवं होतं, पण समोर उतार होता आणि उतारावर अंधार होता. "नाना!" त्यांनी हाक मारली. या वेळी आवाज फुटला. "नाना!" मोहित्यांनीही हाक मारली, बँकेतला माणूस असूनही चांगली खणखणीत. खालून एक कुत्रं भुंकलं, बाकी काही नाही. चिंतामणराव उतरायला लागले. पाय घसरला, ते बसले, उठले, पुन्हा उतरायला लागले. काय वाटेल ते झालं तरी खालपर्यंत जायचं, इतकंच डोक्यात होतं. आपण घाबरलो आहोत हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तेवढ्यात स्टेजवरचं गाणं थांबलं आणि सगळ्या मैदानावर लाउडस्पीकर घुमला.

"कृपया ध्यान दें. चिंतामण नानासाहेब शेवडे, उम्र चौवन साल, चश्मा, नीला स्वेटर उल्टा पहना हुआ, मेले में खो गए हैं. स्वभाव से घबराने वाले हैं. जिस किसी को मिलें, डाँटें नहीं, हाथ पकड़कर स्टेज के पास ले आएँ. उनके पिताजी इंतज़ार कर रहे हैं."

चिंतामणरावांनी खाली पाहिलं. स्वेटर खरंच उलटा होता. मोहित्यांनी त्यांचा हात धरला आणि स्टेजपर्यंत सोडला नाही. वाटेत लोक बाजूला होऊन जागा करून देत होते. एक बाई आपल्या लहान मुलीला म्हणाली, "मिल गए बेटा, मिल गए."

स्टेजच्या बाजूच्या तंबूत नाना खुर्चीत बसले होते, राखाडी कोट, मरून मफलर, शेजारी शारदाबाई आणि शमिका. नानांच्या हातात कुणीतरी दिलेला चहा होता. चिंतामणराव त्यांच्या पायाशी मटकन बसले आणि मफलरचं टोक हातात धरून त्यांनी डोळे पुसले.

"निघतानाच मी नानांना सांगून ठेवलं होतं," शारदाबाई हळूच म्हणाल्या, "हात सुटला तर माइकपाशी जाऊन बसायचं. मेळ्यात दर वेळी सांगते."

"मला नाही सांगितलंस!"

"तुम्ही गेटं मोजत होता."

तंबूतल्या स्वयंसेवक ताईने रजिस्टर पुढे केलं. हरवलेली मुलं पालकांना परत दिल्याची नोंद त्यात व्हायची, त्यामुळे रकाने तसेच छापलेले होते. बालकाचं नाव, बालक रडत होता का (तिने चिंतामणरावांकडे पाहून 'हाँ' लिहिलं), आणि खाली पालकाची सही.

"दादाजी, देखकर बताइए, यही बालक है ना?"

नानांनी चष्मा वर केला. चिंतामणरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, उलट्या स्वेटरपासून चिखलाने भरलेल्या पँटपर्यंत. शमिकाने तेवढ्यात मोहित्यांकडून ऐकून नानांच्या कानात सांगितलं होतं की शेजारी उभ्या असलेल्या काकांनीच त्यांचा कोट, मफलर, टोपी, ओढता पाय, सगळं पोलिसांना बरोबर सांगितलं. नानांनी मान वळवून मोहित्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बदलून मिळत असेल," त्यांनी ताईला विचारलं, "तर मी हा घेऊन जाऊ का?"

"नहीं दादाजी, जिसका अनाउंसमेंट हुआ है, वही मिलेगा."

नानांनी एक सुस्कारा सोडला आणि सही केली.